१४२८५७ : चमत्कार आणि हरवलेला सात

शाळेच्या गणित मंडळाचा फलक, विज्ञान प्रदर्शनातला तक्ता, वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी अशा ठिकाणी जी संख्या पुनःपुन्हा भेटते ती म्हणजे १४२८५७. तिची ओळख बहुधा पुढीलप्रमाणे करून दिलेली असते :

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणी. मग जरा मोठ्या अक्षरांत, उद्गारचिन्हासह, शेवटची ओळ येते : १४२८५७ × ७ = ९९९९९९ ! खाली ‘आहे की नाही गंमत?’ असे विचारलेले असते आणि तक्ता तिथे संपतो. काही उत्साही मंडळी त्याखाली १४२ + ८५७ = ९९९ आणि १४ + २८ + ५७ = ९९ या दोन ओळी जोडतात. फारच हौस असेल तर संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवून दाखवतात. त्या वर्गाकडे पुढे येऊच.

यातली प्रत्येक ओळ खरी आहे. आक्षेप आहे तो मांडणीवर. शेवटी फटाक्यासारखी उडवलेली सातची ओळ हे या सगळ्याचे कारण आहे. ती पहिली यायला हवी. कारणालाच शेवटचा चमत्कार करून टाकल्यावर ‘असे का होते?’ हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. जादूगार टोपीतून ससा काढतो तेव्हा ससा आधी कुठे होता हे त्याने सांगू नये, तो त्याचा धंदा आहे. गणिताच्या शिक्षकाचा तो धंदा नव्हे.

वाईट वाटते ते आणखी एका गोष्टीचे. हा तक्ता पाहणाऱ्या मुलांनी परिमेय संख्यांच्या धड्यात १/७ चे दशांश रूप काढलेले असते. वहीत ०.१४२८५७ लिहून अंकांवर रेघ मारलेली असते, गुण मिळालेले असतात. वहीतली रेघ मारलेली संख्या आणि फलकावरची चमत्कारी संख्या एकच आहे हे कोणी दाखवून दिले नाही, तर ते आपणहून लक्षात येणारी मुले थोडी. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत, कदाचित एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतात.

तर भिंत पाडू या. १ ला ७ ने भागायचे. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये ४ वेळा, बाकी २. २० मध्ये २ वेळा, बाकी ६. ६० मध्ये ८ वेळा, बाकी ४. ४० मध्ये ५ वेळा, बाकी ५. ५० मध्ये ७ वेळा, बाकी १. म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो, आता पुन्हा तोच फेरा. भागाकार करताना आपले सगळे लक्ष वर लिहिल्या जाणाऱ्या अंकांकडे असते आणि बाक्या हा खालचा राडारोडा समजला जातो. खरी हकीकत मात्र बाक्यांत आहे. त्यांचा क्रम १, ३, २, ६, ४, ५ असा आहे. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य आहेत आणि त्या सहाही येथे एकेकदा हजेरी लावून गेल्या.

विहिरीवरच्या रहाटाला सहा गाडगी बांधली आहेत अशी कल्पना करा. गाडग्यांवर १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या लिहिल्या आहेत आणि प्रत्येक गाडगे आपला एकेक अंक ओतते : १, ४, २, ८, ५, ७. आता १/७ ऐवजी ३/७ काढायचे झाले तर? सुरुवातीची बाकी ३. ती रहाटावर आहेच, दुसऱ्या गाडग्यावर. तिथून पुढे रहाट फिरणार तो नेहमीच्याच क्रमाने, म्हणून ३/७ = ०.४२८५७१… २/७ ची सुरुवात तिसऱ्या गाडग्यापासून, म्हणून २८५७१४. तीनपट केल्यावर अंक ‘फिरले’ असे आपण म्हणतो. खरे तर अंक जागचे हलले नाहीत, आपण रहाटाजवळ वेगळ्या वेळी येऊन उभे राहिलो एवढेच. सातने गुणल्यावर ९९९९९९ का? सहा पायऱ्यांनंतर बाकी पुन्हा १ आली, म्हणजेच दहा लाखांना ७ ने भागल्यावर बाकी १ उरते आणि दहा लाखांतून ती १ काढली की भाग निःशेष जातो. भागाकार १४२८५७. झाले. तक्त्यावरच्या सातही ओळींचे कारण एका भागाकारात सापडले, आणि तो भागाकार मुलांना येतोच.

१४२ + ८५७ = ९९९ हेही याच रहाटात दिसते. तीन पायऱ्यांनंतरची बाकी ६ आहे, म्हणजे ७ वजा १. तिथून पुढचा अर्धा फेरा हा पहिल्या अर्ध्या फेऱ्याची जणू सावली असतो : समोरासमोरच्या बाक्यांची बेरीज ७ (१ + ६, ३ + ४, २ + ५) आणि त्यांनी ओतलेल्या अंकांची बेरीज ९ (१ + ८, ४ + ५, २ + ७). कोणत्याही मूळ संख्येच्या बाबतीत आवर्तनातील अंकांची संख्या सम असली की हे घडते. मिदी या फ्रेंच गणितीने १८३६ साली ते मांडले. (आपण ही संख्या १,४२,८५७ अशी लिहितो तेव्हा स्वल्पविराम नेमका चुकीच्या जागी पडतो आणि तिचे दोन समान तुकडे नजरेला पटकन दिसत नाहीत. म्हणून या लेखात स्वल्पविराम वापरलेले नाहीत.) १४, २८, ५७ या जोड्यांची गोष्ट वेगळी आणि मजेदार आहे. ७ × १४ = ९८, म्हणजे शंभराला दोन कमी. त्यामुळे १/७ म्हणजे ०.१४ मध्ये ०.००२८, त्यात ०.००००५६, त्यात ०.०००००११२ अशी दरवेळी दुपटीने, पण दोन घरे मागे सरकून केलेली बेरीज. ११२ मधला १ हातचा म्हणून ५६ वर चढतो आणि ५७ होतात. दुपटीचा पाढा ऐन तिसऱ्या जागी एकने चुकल्यासारखा दिसतो त्याचे कारण हे.

तक्त्यांची दुसरी खोड म्हणजे ते फसलेले प्रयोग दाखवत नाहीत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे फार खटकते. एक नमुना छान आला की आमचा पहिला प्रश्न असतो : दुसऱ्या नमुन्याचे काय झाले? सातचे जमले, मग १३ चे? १/१३ = ०.०७६९२३… येथेही सहाच अंक. पण १३ ने भागताना बाक्या बारा शक्य आहेत. त्यांतल्या १, १०, ९, १२, ३, ४ एवढ्याच या रहाटावर बसल्या. उरलेल्या सहांचा रहाट निराळा : २/१३ = ०.१५३८४६… म्हणून ०७६९२३ ला ३ ने गुणले तर अंक फिरतात आणि २ ने गुणले तर भलतेच अंक येतात. एका विहिरीवर दोन रहाट. ११ ला दोन-दोन गाडग्यांचे पाच रहाट लागतात, ३७ ला तीन-तीन गाडग्यांचे बारा. प्रत्येक वेळी गाडग्यांची संख्या ही मूळ संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येला निःशेष भागते. फर्माने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमाचेच हे रूप आहे.

सातप्रमाणे सगळ्या बाक्या एकाच रहाटावर घेणाऱ्या मूळ संख्या शंभराच्या आत नऊ आहेत : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. पुढे काय? गाउसने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अंकगणितावरील महाग्रंथात अपूर्णांकांच्या दशांश रूपांचा विचार केला आहे आणि शंभराच्या आतील भाजकांचे कोष्टकही दिले आहे. म्हणजे हा विषय थोरांना पोरखेळ वाटला नव्हता. पण अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे सिद्ध उत्तर आजही नाही. त्या अनंत आहेत आणि एकूण मूळ संख्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असावे, असे अनुमान एमिल आर्टिन यांच्या १९२७ च्या अटकळीतून निघते. हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केले, परंतु रीमानच्या गृहीतकाचे व्यापक रूप खरे मानून, आणि ते गृहीतक स्वतःच असिद्ध आहे. शंभराच्या आत २५ पैकी ९, म्हणजे ३६ टक्के. मुलांनी स्वतः मोजावे असा आकडा आहे हा. ‘गंमत’ म्हणून सुरू झालेली वाट पाच-सहा प्रश्नांत गणिताच्या कुंपणापर्यंत जाते. तक्ता मात्र पहिल्याच प्रश्नाआधी संपलेला असतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळू. संख्यांच्या असल्या गमतींना गणितात स्थान नाही, असे मानणारा एक वर्ग आहे आणि त्याच्या पाठीशी जी. एच. हार्डी यांच्यासारखा मोठा माणूस उभा आहे. ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या १९४० च्या छोट्या पुस्तकात त्यांनी दोन उदाहरणे घेतली आहेत. एक : आपल्याच उलट क्रमाच्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ (= ४ × २१७८) आणि ९८०१ (= ९ × १०८९). दुसरे : १ सोडल्यास अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या संख्या चारच, १५३, ३७०, ३७१ व ४०७. या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, हौशी लोकांना रिझवतात, पण त्यांतून पुढे काही निघत नाही, असा त्यांचा निवाडा आहे.

१५३ च्या बाबतीत तो मान्य करायला हरकत नाही. पाच अंकी संख्येच्या अंकांच्या घनांची बेरीज फार तर ५ × ७२९ = ३६४५ होणार, ती पाच अंकी होऊच शकत नाही. म्हणजे चार अंकांपर्यंतच्या संख्या तपासल्या की विषय संपला. तपासणी म्हणजे सिद्धता, आणि ती कंटाळवाणी. पण ८७१२ वर हार्डींनी घाई केली असे मला वाटते. २१७८ च्या मध्ये एक ९ घुसवा : २१९७८ × ४ = ८७९१२. आणखी एक ९ : २१९९७८ × ४ = ८७९९१२. १०८९ चेही तसेच : १०९८९ × ९ = ९८९०१. ही साखळी हवी तेवढी लांबते आणि ती का लांबते हे हातच्याच्या हिशेबाने आठवीतला मुलगा सांगू शकतो. ‘चार अंकी’ हे कुंपण हार्डींनी आपणच घातले आणि आत फार काही नाही म्हणून तक्रार केली.

त्यांच्या टीकेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र शिक्षकांनी जरूर घ्यावा. संख्येचा गुणधर्म आणि तिच्या लेखनाचा गुणधर्म यांत फरक आहे. हार्डींनीच सांगितलेली रामानुजन यांची १७२९ ची गोष्ट सर्वांना माहीत आहे. ती संख्या दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे मांडता येते (१ व १२, ९ व १० यांचे घन). तुम्ही ती दशमानात लिहा, द्विमानात लिहा किंवा गोट्या मोजून दाखवा, गुणधर्म तोच राहतो. १४२८५७ = २७ × ११ × १३ × ३७ हाही तसाच, संख्येच्या अंगचा. पण अंक फिरण्याचा गुण? एके काळी कॉम्प्युटरवाल्यांच्या नित्य वापरात असलेल्या अष्टमान पद्धतीत हीच संख्या ४२७०११ अशी लिहिली जाते आणि तिची दुप्पट १०५६०२२. काही फिरत नाही. त्या पद्धतीत १/७ म्हणजे ०.१११११… रहाटाला एकच गाडगे. फिरण्याचा गुण सातचा आणि दहाचा मिळून आहे, आणि दहा ही आपल्या बोटांची देणगी.

हा भेद सांगणे हे केवळ काटेकोरपणासाठी नाही. कारण न सांगता दाखवलेला चमत्कार फार काळ बेवारस राहत नाही, त्याला कोणी तरी दत्तक घेतोच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गूर्जिएफ या गूढवाद्याने वर्तुळावर नऊ बिंदू मांडले, त्यांतले १-४-२-८-५-७ हे या क्रमाने जोडले आणि ती आकृती विश्वाच्या नियमांची म्हणून सांगितली. आपल्याकडच्या अंकज्योतिषालाही ‘फिरून तीच येणारी’ संख्या वर्ज्य असण्याचे कारण नाही. विश्वाचा नियम आठ बोटांच्या प्राण्याला दिसूच नये, हे जरा विचित्रच. एवढी एक शंका मुलाच्या मनात रुजली तरी पुष्कळ झाले.

आता वर्गाकडे येऊ, कारण येथे हार्डी आणि तक्तेवाले दोघेही तोकडे पडतात. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडून सहा अंकांवर तोडा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ (२०२५ : २० + २५), २९७ (८८२०९ : ८८ + २०९), ७०३ (४९४२०९ : ४९४ + २०९) ही त्यांची लहान भावंडे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. आपण त्यांच्यावर लिहितो ते बहुधा कौतुकाने, आणि ते कौतुक याद्यांचे असते : कापरेकर संख्या, डेम्लो संख्या, हर्षद संख्या, ६१७४. यादी वाचून संपली की आदरांजली संपली. हार्डींच्या चाळणीतून पाहिले तर हे सारे कोड्यांच्या सदरात जाईल आणि आपल्या याद्या ती समजूत पक्कीच करतात.

पण एक पाऊल पुढे टाकून पाहा. नऊची कसोटी आपण शिकवतोच : अंकांची बेरीज केली तरी ९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. त्याच न्यायाने संख्येचे सहा-सहा अंकांचे तुकडे करून मिळवले तर ९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आता १४२८५७ ला ७ ने भागले तर बाकी १ उरते, कारण १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ चा वर्ग म्हणजे १४२८५७ × ७ × २०४०८ अधिक १४२८५७. यातले १४२८५७ × ७ म्हणजे आपले ९९९९९९. तेव्हा वर्ग = ९९९९९९ × २०४०८ + १४२८५७, आणि ९९९९९९ च्या जागी दहा लाख वजा एक घातले की डावा तुकडा २०४०८ आणि उजवा १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ हे दोन्ही आपोआप समोर येतात. पुन्हा सातच! वर्ग प्रत्यक्ष न करता त्याचे तुकडे सांगता आले.

फसलेला प्रयोगही करू. १/१७ चा रहाट सोळा गाडग्यांचा : ०५८८२३५२९४११७६४७. या संख्येला १७ ने भागले तर बाकी १ नव्हे, ८ उरते. म्हणून ही कापरेकर संख्या नाही. पण तिच्या वर्गाचे सोळा अंकांवर तुकडे केले तर ३४६०२०७६१२४५६७ आणि ४६७१२८०२७६८१६६०९ मिळतात आणि त्यांची बेरीज ४७०५८८२३५२९४११७६ होते, म्हणजे मूळ संख्येची बरोबर आठपट, म्हणजेच रहाट दोन गाडगी मागे फिरवलेला. वर्गाचे तुकडे मिळवले की अंक फिरतात हा नियम दोन्हीकडे आहे. सातच्या वेळी बाकी १ असल्याने ते फिरून मूळ जागी थांबले. कोणता भाग नियमाचा आणि कोणता योगायोगाचा, हे १७ कडे गेल्याशिवाय कळत नाही.

डग्लस इयानुची यांनी २००० साली याच्याही पुढचे सांगितले. ९९९९९९ चे २७, ७, ११, १३, ३७ असे पाच परस्परांशी मूळ असलेले भाग पडतात. यांतल्या काही भागांनी निःशेष भाग जाणारी आणि उरलेल्या प्रत्येकाने भागल्यावर बाकी १ ठेवणारी संख्या शोधा, की ती कापरेकर संख्या झालीच. पाच भागांची दोन गटांत विभागणी ३२ प्रकारे होते, म्हणून सहा अंकांवर वर्ग तोडून मिळणाऱ्या कापरेकर संख्या १ आणि ९९९९९९ धरून बरोबर ३२ आहेत. कितीही अंकांसाठी हीच कृती चालते. कापरेकरांच्या यादीमागे अशी शिस्तबद्ध रचना होती. ‘यातून पुढे काही निघत नाही’ हे वाक्य यादीकडे नुसते पाहून उच्चारता येत नाही, तिच्याशी झटापट केल्यावरच उच्चारता येते. आणि ‘आहे की नाही गंमत?’ हे वाक्य त्या झटापटीला सुरुवातही करू देत नाही.

वर्गात हे करून पाहायचे झाल्यास सात सोडून १७ घ्यावा, कारण सातचे अंक हल्ली पुष्कळांना पाठ असतात. आठ अंकी कॅल्क्युलेटर १ ÷ १७ चे उत्तर ०.०५८८२३५ एवढे दाखवून गप्प बसतो. पुढची एकच पायरी हाताने करायला सांगावी : सातव्या दशांशस्थळानंतर बाकी ५ आहे, ५० मध्ये १७ दोनदा, बाकी १६. म्हणजे आठवा अंक २. या १६ वर मुलांना थांबवावे आणि ती संख्या १७ च्या मानाने कोण आहे ते विचारावे. ज्याला उत्तर सापडेल तो राहिलेले आठ अंक भागाकार न करता, पहिल्या आठांतला एकेक अंक ९ मधून वजा करून लिहून देईल.